मारुती ८००: नवी बॅटरी आठवड्यात उतरते, चार्जिंगचा दिवा मंद पेटतो. डायनामो बदलायचा का?

लाल_आठशे

नमस्कार मंडळी. गाडी मारुती ८००, १९९८ ची, कार्ब्युरेटरवाली. तीन महिन्यांपूर्वी नवी ३५ एएचची (ॲम्पियर-अवर) बॅटरी घातली. चार-पाच दिवस नीट चालते, मग एका सकाळी सेल्फ नुसता कटकट करतो. धक्का मारून चालू केली की पुढचे दोन-तीन दिवस परत बरी.

चावी फिरवली की (इंजिन बंद असताना) लाल बॅटरीचा दिवा ठळक पेटतो, इंजिन चालू झालं की जातो. दिवसा काहीच तक्रार नाही. रात्री मात्र हेडलाइट, वायपर, ब्लोअर असं सगळं एकदम लावलं की तोच दिवा मंद पेटलेला दिसतो, राखेखालच्या निखाऱ्याएवढाच. ॲक्सिलेटर दिला तर तो जायला पाहिजे ना? तो जात नाहीच, उलट जरा वाढल्यासारखा वाटतो.

रोजचं जाणं-येणं राजारामपुरी ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी, तेही रात्रपाळीला. पट्टा सहा महिन्यांपूर्वी बदललाय. गॅरेजमध्ये "पूर्ण डायनामो बदला" म्हणून सांगितलंय. बदलायला हरकत नाही, पण तोच गेलाय हे आधी कळावं. घरी तो पिवळा स्वस्तातला मल्टिमीटर आहे. कुठं काय लावून बघू?

शिरोली_नाका

आधी फुकटची कामं करा. दोन्ही टर्मिनल काढा. पांढरा-हिरवा थर असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, पोस्ट आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरनं चकचकीत करा, बसवून आवळा आणि मग वरून व्हॅसलीन लावा. बरेच जण आधी व्हॅसलीन थापतात आणि मग क्लॅम्प बसवतात, तसं नको. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. पाना पॉझिटिव्हवर असताना बॉडीला टेकला तर काय होतं ते बघायची हौस कुणालाच नसावी.

पट्टा नवा असला तरी ताण बघा. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्यानं जोरात दाबल्यावर साधारण ८-१० मिमी दबला पाहिजे. नवा पट्टा पहिल्या काही दिवसांत ताणला जातो आणि परत आवळायचा असतो, ते सहसा राहून जातं.

आणि सोपी टेस्ट: इंजिन चालू ठेवून बॅटरीचं निगेटिव्ह काढा. गाडी बंद पडली तर डायनामो गेला, चालू राहिली तर चांगला.

उद्यमनगर_वाइंडर

शिरोलीवाले दादा, वरच्या दोन गोष्टी शंभर टक्के बरोबर. तिसरी कृपा करून कुणी करू नका.

ती टेस्ट खऱ्या डायनामोच्या काळातली आहे, कटआउटची डबी वेगळी असायची तेव्हाची. आता आपण बोलताना डायनामोच म्हणतो, पण ८०० ला आहे तो अल्टरनेटर. चालू अल्टरनेटरवरची बॅटरी एकदम काढली की रोटरमधलं (आतल्या फिरत्या भागातलं) चुंबकत्व लगेच कमी होत नाही. तोवर तयार झालेला करंट जायला जागा नसते आणि व्होल्टेज क्षणभर उसळी मारतं. चाळीसच्या वरही जाऊ शकतं. त्यात डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारे), रेग्युलेटर (व्होल्टेज ताब्यात ठेवणारा), गाण्यांचा टेप, जे कमकुवत असेल ते उडतं. कार्ब्युरेटरवाली गाडी निदान एवढ्यावर सुटेल, एमपीएफआयमध्ये (इंजेक्शनवाल्या गाडीत) ईसीएमवर, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरवर बेततं. म्हणजे चांगला अल्टरनेटर या टेस्टमध्येच नापास व्हायचा.

शिवाय उत्तरही चुकीचं मिळतं. एक डायोड उडालेला अल्टरनेटर इग्निशनपुरते तीन-चार ॲम्पियर आरामात देतो. गाडी बंद पडत नाही आणि आपण म्हणतो "चांगला आहे".

लाल_आठशे, तुमच्या वर्णनात सगळ्यात कामाची ओळ म्हणजे "ॲक्सिलेटर दिला तर जरा वाढतो". नुसता स्लोवर (ॲक्सिलेटर न देता) करंट कमी पडत असता, तर रेस दिल्यावर दिवा गेला असता. मला तरी अल्टरनेटरवर संशय येत नाही. पण मीटर लावल्याशिवाय काही विकत घेऊ नका.

मीटरवाला

क्रमानं सांगतो. क्रम मोडू नका, कारण पुढच्या आकड्याचा अर्थ मागच्यावर अवलंबून आहे. शर्टाच्या बाह्या दुमडा, हातातलं कडं काढून ठेवा आणि मीटरच्या वायरी फॅन-पट्ट्यापासून लांब राहतील अशा धरा.

पहिलं, बॅटरी. आधी तिला बाहेरच्या चार्जरवर पूर्ण चार्ज करा, कारण अर्धमेल्या बॅटरीवर घेतलेले आकडे फसवतात. ३५ एएचला ३.५ ॲम्पियरनं दहा-बारा तास, उघड्या हवेत, बुचं सैल करून. आसपास विडी-काडी नको, निघणारा वायू हायड्रोजन असतो. चार्जर काढल्यावर चार-पाच तास, जमल्यास रात्रभर तशीच ठेवा आणि मग व्होल्टेज बघा. १२.६ च्या वर असेल तर भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. पाणी घालायची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरनं (आम्लाची घनता मोजतो तो) सहाही सेल बघा. भरलेल्या सेलला १.२६ ते १.२८ यावं. पाच सेल १.२६ आणि एक १.२० असेल तर तो सेल गेला, मग अल्टरनेटर कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

दुसरं, सेल्फ मारताना. मीटर बॅटरीच्या पोस्टवर, म्हणजे शिशाच्या खुंटीवरच, क्लॅम्पवर नाही. सेल्फ फिरताना ९.६ च्या खाली जायला नको.

तिसरं, इंजिन चालू, सगळे लोड बंद, रेस थोडी वाढवलेली. बॅटरीवर १३.८ ते १४.४ यायला पाहिजे.

चौथं, खरी परीक्षा. हेडलाइट हायबीम, ब्लोअर फुल, वायपर, आणि रेस साधारण २००० आरपीएमच्या आसपास. कुणाला तरी ॲक्सिलेटरवर बसवा. आता चार ठिकाणी मोजा:

क) बॅटरीच्या दोन पोस्टवर.
ख) लाल प्रोब अल्टरनेटरच्या मागच्या बी स्टडवर (जाड वायर नटनं आवळलेली असते तिथं), काळा प्रोब अल्टरनेटरच्या बॉडीवर.
ग) एक प्रोब बी स्टडवर, दुसरा बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोस्टवर.
घ) एक प्रोब अल्टरनेटरच्या बॉडीवर, दुसरा बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर.

ग आणि घ वाचायला विचित्र वाटेल. पॉझिटिव्ह ते पॉझिटिव्ह काय मोजायचं? पण वाटेत व्होल्टेज कुठं सांडतंय ते यातच कळतं. ग मध्ये ०.२, फार तर ०.३, आणि घ मध्ये ०.१ पर्यंत ठीक. हे मोजताना लोड चालूच पाहिजेत. करंट वाहत नसेल तर सडलेल्या जोडावरही शून्यच दिसतं. गॅरेजमध्ये दिवसाढवळ्या, सगळं बंद ठेवून "१३.७ येतंय, चार्जिंग ओके" म्हणतात, तिथंच गफलत होते.

पाचवं, रिपल, म्हणजे डीसीत उरलेली एसीची लहर. मीटर एसी व्होल्टवर ठेवून, लोड चालू असताना, बॅटरीवर लावायचा. ०.१ च्या आसपास किंवा कमी असेल तर डायोड बरे, ०.५ च्या पुढं गेलं तर एखादा डायोड गेलाय. पण तुमचा पिवळा मीटर इथं चालणार नाही. खात्री करायची तर इंजिन बंद ठेवून, एसीवर, बॅटरीला लावून बघा. एका दिशेनं शून्य आणि प्रोब उलटे केल्यावर २७-२८ दाखवेल. डीसीलाच तो एसी समजतो, आणि त्याची सगळ्यात लहान एसी रेंज २०० व्होल्टची असल्यानं बारका रिपल दिसतच नाही. कुणाचा तरी बरा मीटर तासाभरासाठी मागून घ्या.

सहावं, गाडी उभी असतानाची गळती. चावी काढलेली, दारं बंद. निगेटिव्ह क्लॅम्प काढून पोस्ट आणि क्लॅम्प यांच्यामध्ये मीटर १० ॲम्पियरच्या रेंजवर लावा. लाल प्रोब १० ॲम्पियरच्या भोकात हलवायला विसरू नका, आणि तो तिथं असताना चुकूनही सेल्फ मारू नका. या जुन्या गाडीत ५० मिलिॲम्पियरच्या खाली पाहिजे. टेप नसेल तर जवळजवळ शून्यच. जास्त आलं तर एकेक फ्यूज काढत जा. सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही तर अल्टरनेटरच्या बी स्टडवरची वायर सोडवून बघा (आधी निगेटिव्ह पूर्ण काढून, ती वायर कायम जिवंत असते). तेव्हा शून्य झाला तर डायोड उलटा करंट सोडतोय. अशा गाडीचा अल्टरनेटर तासभर उभी ठेवल्यावरही हाताला कोमट लागतो.

गळतीचा हिशेब सोपा आहे. २०० मिलिॲम्पियर म्हणजे दिवसाला ४.८ एएच. ३५ ची बॅटरी चौथ्या दिवशी अर्ध्यावर, आठवड्यात खलास. "चार-पाच दिवसांनी" म्हणालात म्हणून हे बघायलाच हवं. उलट एकदा सेल्फ मारायला शंभर ॲम्पियर तीन सेकंद धरले तरी ०.१ एएचसुद्धा होत नाही. सतत सेल्फ मारल्यानं बॅटरी उतरते ही समजूत हिशेबात बसत नाही.

तांबडा_पांढरा

माझी ओम्नी, तिचं उलटं आहे. बॅटरीवर १५.४ येतात आणि दर पंधरा दिवसांनी डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं. इथंच विचारतो, वेगळा धागा काढत नाही.

उद्यमनगर_वाइंडर

१५.४ म्हणजे बॅटरी उकळतेय. बल्बही लवकर जात असतील. रेग्युलेटर बदलण्याआधी एक बघा. काही अल्टरनेटर व्होल्टेज स्वतःच्या आत बघतात, काही बाहेरून येणाऱ्या बारक्या वायरवर बघतात. तुमचा दुसऱ्या प्रकारचा असेल आणि त्या वायरीच्या वाटेत इग्निशन स्विच किंवा फ्यूजचा जोड खराब असेल, तर रेग्युलेटरला १४.४ च्या जागी १३.४ दिसतात. मग तो बिचारा वाढवत बसतो. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून त्या वायरीपर्यंत, चावी ऑन ठेवून, मीटर लावा. ०.३ पेक्षा जास्त फरक आला तर आधी स्विचचं कनेक्टर बघा. तिथं काही नसेल तर रेग्युलेटर गेला.

लाल_आठशे

सगळं केलं. बॅटरी आधी पूर्ण चार्ज करून घेतली, मीटर भावाच्या कंपनीतला चांगला आणला.

रात्रभर ठेवून १२.६५. हायड्रोमीटर सहाही सेलला १.२६ च्या जवळ. सेल्फ मारताना १०.४.
लोड बंद, रेस वाढवून: बॅटरीवर १३.७, बी स्टडवर १४.१.
लोड चालू, रेस २००० च्या आसपास: बॅटरीवर १२.७, बी स्टड ते अल्टरनेटरची बॉडी १४.०.
बी स्टड ते बॅटरी पॉझिटिव्ह: १.२५.
बॉडी ते बॅटरी निगेटिव्ह: ०.०६.
रिपल ०.०८. गळती ४० मिलिॲम्पियर, टेपचा फ्यूज काढला की ३.

हे १.२५ म्हणजेच भानगड ना?

मीटरवाला

होय, हीच. अल्टरनेटर स्वतःच्या दारात १४ देतोय आणि बॅटरीपर्यंत १२.७ पोचतायत. वाटेत सव्वा व्होल्ट गायब. १२.७ वर बॅटरीत काही जात नाही. रात्रपाळीला जाता-येता पूर्ण वेळ लाइट, पावसात वायपर-ब्लोअर, म्हणजे बॅटरी जागची जागी किंवा थोडी उणेच. दिवसा गाडी फारशी फिरत नाही, त्यात टेप रोजचा एक एएच खातो. पाचव्या दिवशी सेल्फनं कटकट केली तर नवल काय.

करंट किती होता ते अंदाजानं काढू. हेडलाइटचे दोन बल्ब हायबीमला ६० वॅटचे, म्हणजे नऊ ॲम्पियर. पार्किंग-टेललाइट दोन, वायपर चार, ब्लोअर सात-आठ, इग्निशन तीन. साधारण २५. सव्वा व्होल्ट गुणिले २५ म्हणजे तीस वॅट. एका जोडावर तीस वॅट म्हणजे तिथं कुणीतरी सोल्डरिंग आयर्न चालू करून ठेवलंय. खूण नक्की दिसणार. लोड देऊन दहा मिनिटं गाडी चालू ठेवा, बंद करा आणि बी स्टडपासून बॅटरीपर्यंत ती वायर हातानं चाचपत या. जिथं बोट मागं घ्यावंसं वाटेल तिथं दोष.

नेमकं मोजायचं असेल तर वाट तुकड्यात वाटा: बी स्टड ते वायरीची थिंबल (टोकाची धातूची कडी), थिंबल ते फ्युजिबल लिंकचं (बॅटरीजवळच्या, फ्यूजचं काम करणाऱ्या वायरीच्या तुकड्याचं) अलीकडचं टोक, लिंकच्या दोन टोकांमध्ये, पलीकडच्या टोकापासून बॅटरीच्या पोस्टपर्यंत. सगळ्यांची बेरीज १.२५ आली पाहिजे. ज्या तुकड्यात जास्त, तो धरा.

उद्यमनगर_वाइंडर

आता त्या निखाऱ्याचं कोडं. दिवा "चार्जिंग होत नाही" असं सांगत नाही. त्याच्या दोन बाजूंच्या व्होल्टेजमध्ये फरक आहे एवढंच तो सांगतो. एका बाजूला इग्निशन स्विचमधून बॅटरी, दुसऱ्या बाजूला अल्टरनेटरचं एल टर्मिनल. चावी ऑन, इंजिन बंद: बॅटरीकडं १२, एलकडं जवळजवळ शून्य, म्हणून ठळक. (याच दिव्यातून रोटरला सुरुवातीचा करंट मिळतो. बल्ब उडाला तर कित्येक अल्टरनेटर चार्जिंग सुरूच करत नाहीत, किंवा एकदा जोरात रेस दिल्यावर करतात. पन्नास रुपयाच्या आतला बल्ब, आणि लोक आर्मेचर-रोटर बदलत बसतात.) इंजिन चालू: दोन्हीकडं १४, फरक नाही, दिवा विझतो.

तुमच्याकडं रात्री एलकडं १४ आणि बॅटरीकडं १२.७, त्यातून स्विच अजून थोडं खातो. दीड व्होल्टचा फरक उरला, तोही उलट्या दिशेनं. दिव्याला दिशा कळत नाही, तो मिणमिणतो. रेस दिली की करंट वाढतो, जोडावर जास्त सांडतं, फरक वाढतो, दिवा वाढतो. दिवसा हे डोळ्याला दिसतच नाही.

मात्र हे तीन बारीक फील्ड डायोड असलेल्या, म्हणजे एकूण नऊ डायोडच्या अल्टरनेटरला लागू. रेग्युलेटरचा आयसी ज्यात दिवा स्वतः चालवतो त्याचा हिशेब वेगळा. आणि फील्ड डायोडपैकी एक गेला तरी असाच मंद दिवा येतो, पण मग रिपल आणि बी स्टडचं व्होल्टेज इतकं चांगलं सहसा मिळत नाही. तुमचं ०.०८ आणि १४.० बघता अल्टरनेटर उघडायचं काही कारण नाही. उघडला की बेअरिंगही बदलू, ब्रशही बदलू, असं होत जातं.

शिरोली_नाका

मान्य, माझी टेस्ट मागं घेतो. पण समजा बी स्टडवरच १२.५ आले असते तर? तेव्हा काय बघायचं? पुढच्याला उपयोगी पडेल.

उद्यमनगर_वाइंडर

चांगला प्रश्न. तेव्हा अल्टरनेटर गाडीवरच ठेवून एक गंमत करायची. इंजिन बंद, चावी ऑन, दिवा पेटलेला. साध्या लोखंडी स्क्रूड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला, बेअरिंगच्या घरावर मधोमध न्या. रोटरमधून करंट वाहत असेल तर टोक चटकन ओढलं जातं, चावी बंद केली की सुटतं. ओढलंच नाही तर रोटरला करंट मिळत नाही: दिव्याचा बल्ब, एलची वायर, ब्रश, नाहीतर रेग्युलेटर.

ओढतंय तरी व्होल्टेज नाही, तर खोलायचा. ब्रश (रोटरला करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे) होल्डरबाहेर पाच मिमीपेक्षा कमी उरले असतील तर बदला. ब्रश बोटानं दाबून सोडल्यावर झटकन परत आला पाहिजे, अडकत असेल तर पुराच्या पाण्यातला गाळ किंवा कार्बनची भुकटी बसलीय. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतरच्या गाड्यांत हे हमखास बघायचं. स्लिप रिंगवर (ब्रश जिच्यावर घासतो ती रोटरवरची कडी) नखानं जाणवेल अशी खोबण नको. दोन्ही रिंगांमध्ये साधारण तीन ओहम, दोन ते पाचच्या मध्ये ठीक. रिंग ते रोटरचा दांडा यांत काहीच कंटिन्यूइटी नको. डायोड मीटरच्या डायोड रेंजवर: एका दिशेनं ०.४ ते ०.७, उलटीकडं काही नाही. दोन्हीकडं आकडा आला तर शॉर्ट, कुठंच नाही तर ओपन. स्टेटरची (बाहेरच्या स्थिर गुंडाळीची) तार जळाली असेल तर मीटर लावायच्या आधी वासच सांगतो.

एक डायोड ओपन असेल तर स्लोवर आणि कमी लोडला सगळं छान दिसतं, पण गगनबावड्याच्या घाटात धुकं-पावसात सगळे लोड लावले की कमी पडतो. टेपमधून रेसबरोबर चढणारी किणकिण येत असेल तर तीही हीच खूण.

लाल_आठशे

सापडलं. तुकड्यात मोजलं: बी स्टडवर ०.०५, तिथून लिंकपर्यंत ०.१, लिंकच्या दोन टोकांमध्ये ०.९५, पुढं बॅटरीपर्यंत ०.१५. बॅटरीजवळच्या लिंकच्या एका टोकाचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन कडक झालंय, थिंबलमधून येणाऱ्या तारा काळ्या आणि खाली हिरवी पूड. हात लावल्यावर दोन-तीन तारा तुटूनच आल्या. वरून चिकटटेप गुंडाळलेली होती म्हणून कुणाला दिसलं नाही.

आता तिथं सरळ जाड वायर टाकू का?

मीटरवाला

सरळ वायर अजिबात नाही. ती लिंक वायर दिसते, पण काम फ्यूजचं करते. बी स्टडची वायर इंजिनवर घासून अर्थ झाली तर दुसऱ्या टोकाला बॅटरी आहे, शेकडो ॲम्पियर देईल. लिंक वितळून तोडते म्हणून गाडी वाचते. साधी वायर तोडणार नाही, पेटेल. लिंक त्याच मापाची, त्याच रंगाची घ्या. जुनी सोबत नेऊन दाखवा, दुकानदाराच्या "हीच बसते" वर जाऊ नका.

लिंक ते अल्टरनेटर ही वायर तपासून घ्या. थिंबलजवळ थोडं कापून बघा. आतलं तांबं चकचकीत असेल तर नवी थिंबल मारून तीच वापरा. आत लांबपर्यंत काळं असेल तर बदला: १० स्क्वेअर मिमी, तांब्याची, बारीक तारांची. दीड मीटर लांबीला ४० ॲम्पियरवर तिच्यात ०.१ च्या आसपासच सांडतं. दुकानात २.५ ची देऊन "चालतंय की" म्हणतील, तिच्यात तेवढ्याच करंटला ०.४ पेक्षा जास्त जातं. म्हणजे दुखणं तसंच.

उद्यमनगर_वाइंडर

थिंबल कथिल चढवलेली तांब्याची घ्या, स्टडच्या मापाचं भोक असलेली. पंच नीट हत्यारानं मारा, पक्कडीनं दाबून किंवा हातोडीनं ठोकून नाही. पंच केलेली वायर जोरात ओढून बघा. वरून डाग देण्याचा मोह आवरा. कथिल तारांत वर चढतं, तिथं वायर कडक होते आणि इंजिनच्या थरथरीनं नेमकी तिथंच तुटते. हीट श्रिंक स्लीव्ह चढवा, चिकटटेप नको. तिच्या आत पावसाचं पाणी साचतं, वाळत नाही. तुमच्या लिंकचं तेच झालंय.

बी स्टडचा नट आवळताना ताकद लावू नका, स्टड आत इन्सुलेटरवर बसवलेला असतो, तो फिरला की अल्टरनेटर खोलावा लागतो. खाली स्प्रिंग वॉशर हवा. आणि बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनवर येणारी अर्थ पट्टी हाताखाली आहेच तर तीही खोलून घासून बसवा. आज ०.०६ आहे, पण वय तेवढंच आहे तिचं.

लाल_आठशे

झालं. नवी लिंक, १० स्क्वेअरची वायर, दोन्ही थिंबल नव्या, अर्थ पट्टी घासली. त्याच लोडवर, त्याच रेसवर: बी स्टड १४.०, बॅटरी १३.८, मधला फरक ०.१८. लाइट डोळ्याला कळेल इतके पांढरे झाले. दिवा रात्रीही पूर्ण विझलेला. टेपची वायर चावीवर घ्यायची राहिलीय.

मीटरवाला

टेपला दोन वायरी असतात, एक कायम जिवंत (स्टेशनं लक्षात ठेवायला) आणि एक चावीवर. बहुतेकांनी दोन्ही पिरगळून एकत्र जोडलेल्या असतात, म्हणून ४०. वेगळ्या करा, ५-१० वर येईल. आणि पंधरा दिवसांनी बी स्टड आणि लिंकचे नट एकदा पाना लावून बघा. नवी थिंबल दबून बसते, नट सैल झालेला सापडतो.

तांबडा_पांढरा

ओम्नीचं कळवतो: चावी ऑन ठेवून बॅटरी ते बारकी वायर ०.९ आले. इग्निशन स्विचचं कनेक्टर काळं पडलेलं होतं. बदललं, आता १४.३.